मोकळी तिसरी तार सतारीसारखी झणझणतेय, गिटारचं दुखणं शोधायचं कसं?

कातळशिल्प
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. वाडीत आमचं छोटं भजन मंडळ आहे. पेटी-पखवाजासोबत गेली चार वर्षं मी अकूस्टिक गिटार वाजवतो (आतमध्ये पिकअप आहे, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरला पाठवणारा भाग, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा). यंदा पाऊस सुरू झाला आणि गिटारने एकेक दुखणं काढायला सुरुवात केली.

जुलैत तारा इतक्या उंच झाल्या की बार कॉर्ड धरताना मनगट भरून यायचं. एका मित्राने सांगितलं, "मानेतली ती सळई, ट्रस रॉड, आवळ, तारा खाली येतील." मी पाव-पाव करत पूर्ण एक फेरा आवळला. तारा फारशा खाली आल्या नाहीतच, उलट पहिल्या चार पडद्यांवर खरखर सुरू झाली. ऑगस्टमध्ये नव्या तारा चढवल्या, तेव्हापासून तिसरी तार, म्हणजे जी, मोकळी छेडली की सतारीसारखी झण्ण करते. कुठल्याही पडद्यावर बोट ठेवलं की झणझण गायब. स्पीकरला जोडली की आवाज फाटल्यासारखा येतो, ते वेगळंच.

दुसरी तक्रार भाच्याच्या इलेक्ट्रिक गिटारची. अँप चालू केला की घूंऽऽ असा आवाज, तारांवर हात ठेवला की तो कमी होतो. आणि गणपतीत मांडवात गाताना त्याच्या ओठाला माइक लागला तर चांगलाच चिमटा बसला.

नवरात्रात दोन कार्यक्रम आहेत. दुरुस्तीवाला गाठायचा तर कोल्हापूर नाहीतर पुणे. घरी काय तपासता येईल आणि कशाला हात लावू नये, ते सांगा.

शेवटची लोकल
तिसऱ्या तारेला सतार व्हायचंय, होऊ द्या की! मंडळाला फुकटात सतारिया मिळाला. :)
जाणकारांची वाट बघतोय, माझ्याही गिटारला असंच काहीतरी होतं.

सोल्डरवाला
बाकी सगळं नंतर. भाच्याला त्या माइकसमोर गिटार घेऊन उभं करू नका, आधी अर्थिंग तपासून घ्या. सविस्तर रात्री लिहितो.

अर्धा पडदा
मी पुण्यात गिटार शिकवते, गेली एकोणीस वर्षं. क्लासला येणाऱ्या दर चार मुलांमागे एक जण "गिटार खराब झाली" म्हणून येतो आणि बहुतेक वेळा गिटार खराब झालेली नसते. कातळशिल्प, तुम्ही खरखर कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट लिहिलंत, त्यातच अर्धं काम झालं.

खरखरीला पत्ता असतो. मोकळी तार वाजवली तरच येते आणि बोट ठेवताच जाते, तर संशय नटवर, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या त्या खाचांच्या पट्टीवर. मोकळी आणि पहिल्या चार-पाच पडद्यांपर्यंत येते, तर मानेचा बाक गेलाय. एकाच ठिकाणी येते, समजा पाचव्या पडद्यावर दाबलं की खरखर आणि सहाव्यावर स्वच्छ, तर सहाव्या पडद्याची धातूची पट्टी वर उचलली गेली असेल. मानेभर सगळीकडेच येत असेल तर तारा फार खाली आल्यात. तुमच्याकडे पहिलं आणि दुसरं, दोन्ही एकत्र आहेत. म्हणून गोंधळ झाला.

मानेला किंचित बाक लागतोच. तार कंप पावते तेव्हा मधोमध जास्त हलते, तिला जागा हवी. तो मोजायला हत्यार लागत नाही. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी क्लिप) लावा, सहावी तार चौदाव्यावर, जिथे मान अंगाला मिळते तिथे, बोटाने दाबा. आता तीच तार तुमची फूटपट्टी झाली. सातव्या पडद्याच्या डोक्यावर आणि तारेत किती फट आहे बघा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो. घडी घालून दोन पदर जेमतेम सरकले तर बाक योग्य. एक पदरही सरकत नसेल तर मान सरळ झालीय किंवा उलटी वाकलीय.

आणि तुमच्या मित्राला राग न येऊ देता सांगा: ट्रस रॉड तारांची उंची कमी करण्यासाठी नसतो, तो मानेच्या बाकासाठी असतो. पावसात तारा उंच झाल्या त्याचं कारण मानेत नव्हतंच. वरची फळी दमट हवेत फुगते, ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगावर जिथे अडकवलेल्या असतात तिथे, पोट काढते, ब्रिज वर उचलला जातो. पोट फुगलं आणि तुम्ही मान आवळलीत.

घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, तारा पुन्हा सुरात लावा, एक रात्र जाऊ द्या, मग परत कागद. घाई करू नका. जोर लागला तर तिथेच थांबा. एकदा माझ्यासमोर एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी रॉडचं डोकं फिरवता फिरवता झिजवून टाकलं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

मधली आळी
+१. ते "खरखरीला पत्ता असतो" वाक्य क्लासच्या भिंतीवर लावा.

सोल्डरवाला
आता सविस्तर. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून एका वायरने अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणून तारांवर हात ठेवला की घूं कमी होतो, तो दोष नाही. तुमचं शरीर अँटेनासारखं घरातल्या विजेचा आवाज गोळा करतं, तारेला हात लागला की तेच शरीर ग्राउंडला जोडलं जातं. उलट, हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर गिटारच्या आत एखादी वायर सुटली आहे किंवा उलटी जोडली आहे.

आता चिमटा. भाचा एका हाताने तारा धरतो, म्हणजे अँपच्या ग्राउंडला. ओठ माइकला, म्हणजे मिक्सरच्या ग्राउंडला. दोन्हींचं अर्थिंग धड असेल तर दोन्हींमध्ये काही फरक नसतो. एकाचं जरी तुटलं असेल तर तो फरक मुलाच्या ओठातून आणि छातीतून जातो. मांडवात जमीन ओली, पाय अनवाणी. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. चिमट्यावर भागलं, हे नशीब.

बघायचं काय? अँपची प्लग तीन पिनांची आहे का, आणि मधे दोन पिनांचा अडॅप्टर घातलाय का. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून हिरवी वायर खरोखर स्क्रूखाली आवळलेली आहे का (बोर्डाची प्लग आधी भिंतीतून काढून ठेवून, अर्थातच). अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. मांडवाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवायला मंडळाला भाग पाडा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणि एक हात जोडून विनंती, घूं घालवण्यासाठी अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डीआय बॉक्सवर, म्हणजे गिटार मिक्सरला जोडायच्या डबीवर, "ग्राउंड लिफ्ट"चं बटण असतं, ते आवाजाच्या केबलचं ग्राउंड सोडवतं, विजेचं नाही. ते बिनधास्त वापरा.

उरलेला घूं भाच्याच्या पिकअपचा असणार. एका गुंडाळीचा पिकअप, ज्याला सिंगल कॉइल म्हणतात, तो विजेचे ५० हर्ट्झ उचलतोच. त्यावर इलाज म्हणूनच १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने हंबकर बनवला. दोन गुंडाळ्या उलटसुलट, तारेचा आवाज बेरीज होतो आणि घूं वजा होतो. सिंगल कॉइल असेल तर अँपपासून दोन पावलं लांब उभं राहून हळूहळू वळून बघा, एका दिशेला घूं एकदम बसतो. मांडवातली एलईडी तोरणं आणि डिमर वेगळ्या लाइनवर घ्या.

बर्फातली गौरी
टोरांटोहून. इथे वीज ६० हर्ट्झ. पुण्यात माझ्या अँपचा घूं जी सुराच्या अगदी जवळ होता, इथे आल्यावर तो बी आणि बी फ्लॅटच्या मधे कुठेतरी गेला. पहिल्या आठवड्यात घर बदललं हे मला अँपनेच सांगितलं!

कातळशिल्प, तुमचं दुखणं माझ्या बरोबर उलट. हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली आर्द्रता २५ टक्क्यांवर येते. लाकूड आकसतं, वरची फळी खाली बसते, तारा पडद्यांना टेकतात. पडद्यांची टोकं मानेच्या कडेने बाहेर येतात, हात फिरवला की करवतीसारखी लागतात. धातू आकसत नाही, लाकूड आकसतं, एवढंच. मी गिटार केसमध्ये ओल्या स्पंजच्या डबीसोबत ठेवते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. शंभर-दोनशे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते केसमध्ये टाका, आणि गिटार भिंतीवरून काढा.

रानपाखरू
कोकणात केसमध्ये तांदळाची पुरचुंडी ठेवायची. आजीची युक्ती, मिठात पण चालते.

बर्फातली गौरी
रानपाखरू, मिठात चालते, पण गिटारच्या केसला तांदूळ पुरे पडायचा नाही, शिवाय पोरकिडे. सिलिका जेल घ्या. निळे दाणे गुलाबी झाले की भरले, तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे.

मडगावकर
देव बरें करूं. मी चर्चच्या क्वायरमध्ये वाजवतो, समुद्र घरापासून चालत सात मिनिटांवर. खारी हवा तारांना खाते, तेव्हा वाजवून झाल्यावर जुन्या बनियनचा तुकडा घ्यायचा आणि प्रत्येक तार वरून *आणि खालून* पुसायची. चार मिनिटांचं काम आहे आणि तारा दुप्पट टिकतात, हा माझा अनुभव.

स्पीकरवर आवाज फाटतो, त्याचं उत्तर बहुधा बॅटरी. केबल घुसवली की पिकअपची बॅटरी चालू होते, तो जॅकच स्विच असतो. तालमीनंतर केबल तशीच ठेवली की रात्रभर बॅटरी खर्च. संपत आली की आवाज आधी पातळ होतो, मग फाटतो. नवी घाला, एवढ्यात बरं होईल. नाही झालं तर दुसऱ्या केबलने बघा, मग जॅकचा बाहेरचा नट सैल आहे का बघा. तो नुसता पान्ह्याने फिरवू नका, आत जॅकही गोल फिरतो आणि वायरी पिळवटून तुटतात. आतून धरून बाहेरून आवळायचा.

आणि घुमट (आमचं मातीचं तालवाद्य) वाजायला लागलं की माझी गिटार स्पीकरवर हूंऽ करून ओरडायची. भोकाला रबराची चकती लावली तेव्हापासून शांत.

रानपाखरू
नॉब फिरवताना खर्रखर्र येत असेल तर गंज काढायचा स्प्रे मारा.

सोल्डरवाला
नको, दादा. त्यातलं तेल आत राहतं आणि धूळ धरून बसतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मिळतो, तो अगदी थोडा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

मधली आळी
थोडं अवांतर. माझ्या गिटारवर ट्युनरप्रमाणे सगळ्या तारा बरोबर लागतात. तरी ई मेजर कानाला टोचतो. म्हणून मी जी तार कानाने जरा उतरवतो, ई गोड होतो, आणि लगेच जी मेजर बेसूर! दोष गिटारचा की माझ्या कानाचा?

अर्धा पडदा
दोष कानाचा नाही, तुमचा कान चांगला आहे. पेटी वाजवता का? गिटारचे पडदे बारा समान भागांत ठोकलेले असतात आणि त्यातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. (शंभर सेंट म्हणजे एक पडदा.) तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याची सवय असलेल्या माणसाला ई मेजरमधला तिसऱ्या तारेवरचा जी शार्प टोचणारच. पेटीवरही हाच आक्षेप होता, १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली त्या वादातही हे होतंच. गिटारला मात्र सगळे कॉर्ड सांभाळायचे असतात, तेव्हा सगळीकडे थोडं थोडं सोसावं लागतं.

तरी एक बघा. पहिल्या एक-दोन पडद्यांवरच सूर चढे येत असतील तर नटच्या खाचा उथळ आहेत, तार दाबताना जास्त ताणली जाते. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यावरची फट बघा, केसाएवढीच हवी. आणि बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, मागे सरकवायला लागेल. हे इलेक्ट्रिकवर स्क्रूने होतं, अकूस्टिकवर कारागिराकडे.

कातळशिल्प
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार.

आतापर्यंतचा हिशेब. कागदाचा एक पदरही सरकत नव्हता. पाव फेरा सैल, रात्र, पुन्हा पाव फेरा. आज दोन पदर अलगद गेले आणि पहिल्या चार पडद्यांवरची खरखर गेली. बॅटरी बदलली, आवाज स्वच्छ. मांडवाच्या वायरमनने एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत नुसती लोंबत होती, स्क्रू कधी लावलाच नव्हता. सोल्डरवाला, तुमचा पहिला प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही.

पण तिसरी तार अजून सतारच आहे. बाक नीट झाल्यावरही.

शेवटची लोकल
मी म्हणत होतो ना, तिला सतारच व्हायचंय.

जुनी खुंटी
लोकलभाऊ, तुम्ही गमतीत म्हणालात, पण नेमकं तेच झालंय.

मी मिरजेचा. आमच्या इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरुणपणी काही वर्षं एका कारखान्यात जवारी लावायला शिकलो, म्हणून धागा वाचताना राहवेना.

तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिची पाठ अगदी सूक्ष्म उताराची. तार एका काठावरून निसटून जात नाही, त्या पाठीला चाटत चाटत कंप पावते. त्या चाटण्यातून वरचे सूर उमलतात, तीच जवारी. पाठ घासून झाली की तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर इकडे, आवाज बंद, लाकडावर वाजवल्यासारखा. केसभर तिकडे, झण्णकन उघडतो. आमचे उस्ताद डोळे मिटून, कान तंबोऱ्याच्या भोपळ्याला लावून धागा सरकवायचे, आणि जागा सापडली की फक्त बोट वर करायचे.

गिटारच्या नटमध्ये हेच *नको* असतं. खाचेचा तळ खुंटीकडे उतरता हवा, म्हणजे तार पडद्यांकडच्या काठावरूनच सुटते. तळ सपाट असेल किंवा तार वरून नीट दाबली जात नसेल, तर ती खाचेत चाटते. झाली जवारी. बोट पडद्यावर ठेवलं की नटचा संबंधच संपतो, म्हणून झणझण गायब.

दोन परीक्षा करा, आत्ता. मोकळी तिसरी तार वाजवा आणि दुसऱ्या हाताने नट आणि खुंटी यांच्या *मधे* तार खाली दाबा. झणझण थांबली तर खाच बरी आहे, तारेला खाली ओढ कमी आहे. थांबली नाही तर खाचेत तारेखाली कागदाचा बारीक तुकडा घाला. तेव्हा थांबली तर खाच घासायला हवी, आणि ते काम तारेच्या जाडीच्या कानसीनेच, घरच्या करवतीने नाही.

आणि ऑगस्टमध्ये तारा तुम्हीच चढवल्यात. खुंटीवर तिसऱ्या तारेचे वेढे किती आहेत?

अर्धा पडदा
किती सुंदर समजावलंत! एकोणीस वर्षं मी मुलांना "नट खराब आहे" एवढंच सांगत आलेय. उद्या क्लासमध्ये ही जवारी सांगणार आहे. भर घालते: तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यावर तिसरी आणि चौथी तार सगळ्यात लांबच्या खुंटीवर जाते, त्यामुळे त्यांचा उतार मुळातच सगळ्यात कमी असतो.

कातळशिल्प
जुनी खुंटी, नट आणि खुंटीच्या मधे अंगठा ठेवून दाबलं आणि झणझण एकदम थांबली. अंगठा काढला, परत आली. चार-पाच वेळा नुसतं तेच करत बसलो.

वेढा जेमतेम एक. तोही वर चढत गेलेला. तार कापताना मीच आखूड कापली होती.

आज नवी जी तार आणली. तीन वेढे बसतील इतकी सैल ठेवली, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली घेत गेलो. नटच्या खाचेत पेन्सिलचं टोक घासलं, कारण सुरात आणताना "टिंक" करून सूर उडी मारायचा. आता स्वच्छ वाजते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज ती सतार नाही का वाजवत?"

जुनी खुंटी
आईंना सांगा, सतार ऐकायची तर मिरजेला या. चहा माझ्याकडे.

बर्फातली गौरी
एक विसरू नका. नवरात्र संपलं की ऑक्टोबरचं ऊन, फळीचं पोट उतरेल, तारा खाली येतील. तेव्हा खरखर आली तर रॉडला हात लावायच्या आधी आठवडाभर थांबा आणि पुन्हा कागदाने मोजा.

कातळशिल्प
कागदाची ती घडी केसमध्येच ठेवलीय, सिलिका जेलच्या पुडीशेजारी.